पहिलं पाऊल टाकण्याआधी: कोल्हापुरातल्या तरुण-तरुणींसाठी सविस्तर वाटाड्या

बारावी झाली आहे, कदाचित पदवीही झाली आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बारा-चौदा हजारांवर काम चालू आहे, नाहीतर घरची दोन म्हसरं आणि थोडा ऊस एवढ्यावर घर चाललं आहे. असंच चालू राहिलं तर भागणार नाही हे कळतं, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही. हा लेख अशा मुला-मुलींसाठी आहे.

माझं म्हणणं एकच आहे: मोठ्या निर्णयाच्या आधी त्या निर्णयाला लागणारा आधार उभा करा. नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेसाठी पुणं गाठणं, कर्ज काढून दुकान टाकणं, परदेशातल्या नोकरीसाठी एजंटकडे पैसे भरणं, यातलं काहीच मुळात चुकीचं नाही. पण चार-सहा महिने तग धरायची सोय नसली की चांगला निर्णयसुद्धा अर्ध्यावर सोडावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. करवीर संस्थानात नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागास समाजांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश १९०२ चा. त्याच्या आधी, १९०१ मध्येच व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं आणि पुढं वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शहरात छप्पर आणि दोन वेळची भाकरी मिळाली तरच ते शिकेल आणि मग त्या जागेवर बसेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यालाही आपल्यापुरती अशी सोय आधी लावायची आहे.

पैसा जातो कुठं, ते वहीत उतरवा

मोबाइलवरचं ॲप नको, साधी वही घ्या. महिनाभर रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराचा खर्च लिहा, दहा रुपयांचा चहासुद्धा सोडू नका. समजा पगार १४,००० आहे. महिन्याच्या शेवटी पान असं दिसू शकतं: घरी दिले ५,०००, पेट्रोल १,८००, मोबाइलचा हप्ता १,६५०, रिचार्ज ३५०, भिशी १,०००, चहा-नाष्टा १,५००, मित्रांचे वाढदिवस आणि जेवणं ९००. बेरीज १२,२००. उरलेले १,८०० कुठं गेले याचा पत्ता नाही. भवितव्याची सुरुवात त्या १,८०० रुपयांपासून होते. चहा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पगार झाला त्याच दिवशी हे १,८०० बाजूला निघाले, तर ते खर्च होत नाहीत.

शेतीवर चालणाऱ्या घरांचं गणित वेगळं असतं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यामुळे तो पैसा हातखर्चासारखा वाहून जातो. उसाचा पैसा एकदम येतो आणि सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, घरातलं लग्नकार्य यांत एकदम संपतो. कायद्याप्रमाणे एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवा, तरी आपला हिशेब त्या तारखेवर अवलंबून ठेवू नका. मागच्या हंगामात हातात खरोखर किती पैसा आला ते घ्या, त्याला बारानं भागा आणि घराची महिन्याची मिळकत तेवढीच धरा. हा आकडा बघून घरातल्या मोठ्यांनाही धक्का बसतो, कारण तो कुणी काढलेलाच नसतो.

उद्दिष्ट हे की तीन महिन्यांचा अत्यावश्यक खर्च साठायला हवा. तो ठेवायला बँकेतलं किंवा पोस्टातलं आवर्ती ठेव खातं पुरेसं आहे. पतसंस्था जास्त व्याज देतात म्हणून तिकडं ओढा असतो, पण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना ते नाही. अडीनडीसाठी जपलेला पैसा म्हणूनच तिथं नको. भिशी ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे, जरूर चालवा. मात्र आपला नंबर लागेपर्यंत तो पैसा आपल्या हातात नसतो, हे धरून चाला.

डोक्यावर खासगी सावकाराचं कर्ज असेल, तर बचतीच्याही आधी ते. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. असं व्याज फेडून कुणाचं बरं होत नाही. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज घेऊन सावकाराचं मिटवणं कितीतरी स्वस्त पडतं. परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याकडे करता येते. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपनाही याच पंगतीत बसवा.

आणखी एक काम बँकेत गेल्यावर करून टाका. वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना, दोन्हींत २ लाखांचं संरक्षण मिळतं. पहिली कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर, दुसरी अपघातासाठी. मोटारसायकलवरून रोज हायवेनं एमआयडीसी गाठणाऱ्यानं ही दोन्ही घेतलेली असावीत.

कागदपत्रं: ज्या कामाला कुणी काम समजत नाही

प्रवेश, शिष्यवृत्ती, कर्ज, भरती या सगळ्यांची दारं कागदांनी उघडतात आणि कागदांनीच बंद होतात. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘ज्ञानदेव’, आधारवर ‘ज्ञानू’, बँकेच्या पासबुकावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. एरवी याचा त्रास होत नाही. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले की होतो. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे कागद सतरंजीवर पसरा. दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघा. शक्यतो दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानायचं आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यायचे, कारण शाळेचा दाखला बदलणं सगळ्यात अवघड. नावच बदलायचं असेल, लग्नानंतर किंवा इतर कारणानं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि तो अर्ज ऑनलाइन होतो.

नंतर दाखल्यांकडं वळा. उत्पन्नाचा दाखला आणि वय-अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळतं, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयातून. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून करा किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर स्वतः करा. केंद्रावर ठरलेल्या शुल्काचा फलक लावलेला असतो, तो वाचा आणि तेवढेच पैसे द्या. दहावी-बारावीचा निकाल लागला की या केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून हे काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकावं. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ जातो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जुना पुरावा लागतो. गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना प्रवेश-निर्गम उतारा मागा. शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरं अजून काही शाळांच्या कपाटात आहेत, मोडी लिपीतलीही सापडतात.

सगळं जुळलं की प्रत्येकाची स्वच्छ प्रत मोबाइलमध्ये आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा. मूळ कागद कुणाकडेही ठेवून घ्यायला देऊ नका, नोकरी देणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

दिशा ठरवायची ती प्रत्यक्ष बघून

‘सध्या कशाला स्कोप आहे?’ हा प्रश्न घेऊन मुलं फिरतात. त्याला चांगलं उत्तर नाही, कारण कुणाला स्कोप आहे हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न अपुरा राहतो. त्यापेक्षा तुम्हाला जमेल आणि आवडेल असं वाटणाऱ्या दोन कामांची नावं लिहा आणि ती कामं चालतात तिथं जाऊन उभे राहा.

या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शहराच्या पोटातच उद्यमनगर आहे. हायवेला शिरोली, गोकुळ शिरगाव आणि त्यापुढं कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम इथं पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. इचलकरंजीत यंत्रमाग, हुपरीत चांदी आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल आहेच. एवढ्या कमी अंतरात इतके वेगवेगळे धंदे फार थोड्या जिल्ह्यांत आहेत.

बघायला जायचं तर बघायचं काय, त्याचं एक उदाहरण देतो. मशीन शॉपमध्ये सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, एका मशीनपाशी दोन माणसं दिसतील. पहिला कास्टिंग चकमध्ये लावतो, दार ओढतो, हिरवं बटण दाबतो आणि निघालेला जॉब, म्हणजे तयार भाग, मायक्रोमीटरनं मोजून खोक्यात ठेवतो. दुसरा टूल बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मापातला फरक भरून काढणारा आकडा, घालतो, पहिला जॉब काढून माप बघतो, दोन शतांश मिलिमीटर जास्त आलं तर स्क्रीनवर तेवढं कमी करतो, आणि पुन्हा मोजून खात्री झाल्यावरच मशीन पहिल्याच्या ताब्यात देतो. पहिला ऑपरेटर, दुसरा सेटर. दोघांच्या पगारात मोठं अंतर असतं आणि ते अंतर काही महिन्यांच्या मन लावून केलेल्या शिकण्यानं कापता येतं. पण वर्षानुवर्षं हिरवं बटण दाबणारे शेकडो आहेत, कारण ‘मला ऑफसेट घालायला शिकवा’ हे त्यांनी कधी तोंडानं मागितलंच नाही. तुम्ही आधीच एखाद्या कंपनीत असाल, तर तुमचं पहिलं पाऊल दुसरी नोकरी शोधणं नसून शेजारच्या माणसाचं काम शिकणं हे असू शकतं. पाळी संपल्यावर अर्धा तास थांबा, चहा पाजा, विचारा. आपल्याकडे शिकवणारी माणसं आहेत.

कुठल्याही कामाच्या जागी गेलात तर तीन गोष्टी विचारा. इथं नवीन माणूस कुठल्या कामावर लागतो? पाच वर्षं झालेला माणूस आज काय करतो आणि किती मिळवतो? आणि मधल्या काळात तो नेमकं काय शिकला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर त्या जागी वाढ नाही असं समजा.

नोकरी घेताना पगाराच्या आकड्याबरोबर पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का, हेही विचारा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. कॉन्ट्रॅक्टरकडून लागत असाल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, मागून घ्या आणि दर महिन्याला पैसे जमा होतात का ते मोबाइलवर तपासा. हातात पाचशे रुपये कमी येणारी पण पीएफ भरणारी नोकरी बऱ्याचदा जास्त मोलाची असते.

अर्धवट राहिलेलं शिक्षण

शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येतं. विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे. बारावीनंतर काम करत पदवी घ्यायची तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचं विभागीय केंद्र इथं आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही आहे.

हातात कौशल्य हवं असेल तर माझा कल उघडपणे आयटीआयकडे आहे. कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयची फी अगदी थोडी आहे आणि दोन वर्षांचा ट्रेड झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे ‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ ही समजूत चुकीची आहे. ट्रेड झाल्यावर लगेच मिळेल ती नोकरी धरण्याऐवजी एक वर्ष अप्रेंटिसशिप करा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. मोठ्या कंपन्यांत आणि रेल्वेत त्याला किंमत आहे.

मुलींच्या पालकांपर्यंत एक गोष्ट अजून पुरेशी पोचलेली नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची मुलींची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शासन भरतं. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर करायचा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला हे लागू नाही. ‘फी झेपणार नाही’ म्हणून लेकीला जवळच्या कॉलेजात पदवीला घालण्याआधी कृपा करून हे तपासा.

स्पर्धा परीक्षेविषयी

पोलीस भरती, सैन्य आणि एमपीएससी यांचं वेड आपल्या भागात मोठं आहे आणि त्यामागची मेहनतही खरी आहे. पहाटे गावोगावच्या रस्त्यांवर धावणारी पोरं बघितली की अभिमान वाटतो. माझी काळजी वयाची आहे. जागा थोड्या, जाहिरातींचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, आणि पंचविशी-तिशीची वर्षं परत येत नाहीत. म्हणून तयारी सुरू करतानाच किती प्रयत्न करायचे आणि कुठल्या वयाला थांबायचं, ते कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. आणि त्याच काळात मुक्त विद्यापीठाची पदवी, टॅली, ट्रेड असं दुसरं एक काहीतरी पुरं करा.

पुण्याला जायचा खर्च करण्याआधी इथं काय फुकट किंवा स्वस्त मिळतं ते बघा. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शहरात ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी ही शासकीय संस्था आहे आणि तिचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरात आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती, खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकांसाठी अमृत. या संस्था प्रशिक्षणाच्या जाहिराती संकेतस्थळावर काढतात आणि मुदत थोडी असते, म्हणून आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर

क्रम लक्षात ठेवा: आधी विक्री, मग नोंदणी, मग कर्ज. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. अनुदानाची बातमी वाचून प्रकल्प ठरतो.

चटणी-मसाल्याचा धंदा करायचा म्हणता? घरच्या मिक्सरवर दोन किलो कांदा-लसूण चटणी करा, शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधा आणि ओळखीबाहेरच्या माणसांना विका. नातेवाईक कौतुक करतील आणि पैसे देतील, पण त्यावरून काही कळत नाही. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की मग पुढं जा. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. उद्यम नोंदणी तर पूर्ण मोफत आहे, तिचे पैसे मागणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे.

कौशल्याचा पाया हवा असेल तर बँक ऑफ इंडियाच्या स्टार आरसेटी या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची ग्रामीण तरुणांसाठी मोफत प्रशिक्षणं असतात. राहण्या-जेवणाची सोयही तिथंच होते. बचत गटातल्या बायकांनी उमेद अभियान किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या तालुक्यातल्या कार्यालयात चौकशी करावी.

कर्जाची वेळ आली की ५० हजारांपर्यंत मुद्रा या सरकारी योजनेतलं शिशू कर्ज हे पहिलं पाऊल. मोठ्या प्रकल्पाला जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे: उत्पादन किंवा सेवेचा प्रकल्प आणि प्रवर्ग व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान. पण हे अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जापोटी अडकवून ठेवलं जातं आणि धंदा चालू राहिला, हप्ते गेले, तरच ठराविक काळानंतर कर्जात वळतं होतं. म्हणून हप्त्याचा हिशेब अनुदान धरून करू नका. स्वतःचा ५ ते १० टक्के हिस्साही घालावा लागतो. वहीतल्या त्या १,८०० रुपयांचा उपयोग इथं होतो. बँकेत जाण्याआधी आपला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, बघा, वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. मोबाइलचा थकलेला हप्ताही त्यात दिसतो आणि तेवढ्यावरून फाइल परत येते.

घरात बोलणं

कित्येकांचं गाडं इथं अडतं. ‘मला काहीतरी वेगळं करायचं आहे’ असं म्हटलं की आईला काळजी वाटते आणि वडील गप्प होतात. त्यांना तुमच्या स्वप्नाची भीती नसते, तारीख आणि आकडा कळत नाही याची असते. मग ते दोन्ही सांगा. वही समोर ठेवा. ‘आबा, महिन्याला एवढे साठतात, मार्चपर्यंत तीन महिन्यांचा खर्च जमेल, जूनला आयटीआयचा फॉर्म भरतो, तोवर कंपनी सोडत नाही.’ एवढं स्पष्ट बोललेल्या मुलाला सहसा कुणी आडवं येत नाही. मुलीला शहरात राहून शिकायचं असेल आणि घरातून नकार येत असेल, तर आईला एकदा बरोबर न्या. वसतिगृहाची खोली, तिथल्या रेक्टर बाई, बसस्टॉपपासूनचा रस्ता तिला दाखवा. घरी परतल्यावर तुमची बाजू आई मांडेल.